मेगचं काम आणि मोत्याची रात्र

पॉविस, वेल्स
जुलैचा पहिला आठवडा

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आप्पा म्हणाले, कादवेकाठच्या उसात पुन्हा बिबट्याचे ठसे दिसले आणि पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं रात्रीतून नाहीसं झालं. तेव्हापासून आपल्या राखणीच्या कुत्र्याचा, मोत्याचा विचार डोक्यातून जात नाही. फोनवर असं सविस्तर बोलणं होत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. आधी इथली खबर सांगते, मग मोत्याचं.

इथे सध्या भर उन्हाळा आहे. म्हणजे वीस-बावीस अंश. पंचविसाच्या वर गेलं की शेजारचे लोक सावलीला पळतात. 2022 च्या जुलैत वेल्समध्ये 37.1 अंशांची नोंद झाली, त्याबद्दल अजून बोलतात. निफाडच्या वैशाखापुढे हे काहीच नाही, पण इथली मेंढरं आणि कुत्री अंगावर दाट केस घेऊन वाढलेली, त्यांना एवढंही सोसत नाही. दिवस मात्र केवढा मोठा! पहाटे पाचला लख्ख उजाडलेलं असतं आणि सूर्य मावळतो रात्री साडेनऊनंतर. दवाखान्यातलं काम संपवून आले तरी कामाला भरपूर उजेड मिळतो.

सकाळी तुमचे जावई कोंबड्या सोडतात आणि पाण्याची कुंडं भरतात, मी मेंढ्यांकडे जाते. नुसत्या मोजून भागत नाही, एकेक निरखावी लागते. या दिवसांत हिरव्या माश्या शेपटीजवळच्या ओल्या, घाण लोकरीत अंडी घालतात, एका दिवसात अळ्या बाहेर येतात आणि जिवंत जनावराला आसडी पडते. एखादी मेंढी कळप सोडून उभी राहिली, पाय आपटायला लागली, मान वळवून शेपटीकडे चावायला गेली, की तिला लगेच धरून बघायचं. म्हणूनच उन्हाळा लागला की लोकर कातरून घेतात. आमच्याकडे कातरणारे गेल्या आठवड्यात येऊन गेले. ओली लोकर कातरत नाहीत, त्यामुळे आदल्या रात्रीच मेंढ्या गोठ्यात कोंडून ठेवल्या होत्या. माणूस इतका सराईत, की दोन-तीन मिनिटांत अख्खी लोकर गोधडी उलगडावी तशी एका तुकड्यात बाजूला काढतो. लोकरीला भाव मात्र इतका पडलेला, की कातरणावळही सुटत नाही. कातरायची ती मेंढीच्या जिवासाठी.

आप्पा, आमच्या मेंढ्या वळणाऱ्या कुत्रीचं, मेगचं काम तुम्हाला एकदा डोळ्यांनी दाखवायचं आहे. वरच्या उतारावर मेंढ्या पांगलेल्या असतात. मी फाटकाशी उभी राहून ‘कम बाय’ म्हटलं की ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि ‘अवे’ म्हटलं की उलट बाजूने मोठा वळसा घेते आणि पार मेंढ्यांच्या पाठीमागे निघते. सरळ अंगावर जात नाही, गेली तर कळप फुटेल. मागे पोचली की डोकं खाली घालून, पोट गवताला टेकवून नुसती रोखून बघते. भुंकणं नाही, चावणं नाही. तेवढ्यावर मेंढ्या गोळा होतात आणि माझ्याकडे चालू लागतात. मेंढ्या तिच्या आणि माझ्या बरोबर मध्ये राहाव्यात म्हणून ती सारखी जागा बदलत असते. ही समज जन्मजात असते. आपण शिकवायचं ते मुख्यतः थांबायला. धाकटा टॉस सध्या तेच शिकतोय, म्हणून अजून लांब दोरीवर असतो. कुत्रं दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे लागलं तर मालकावर गुन्हा दाखल होतो, तसा इथे 1953 चा कायदाच आहे.

दिवाळीनंतर आपल्या वावरात धनगरांचा वाडा बसायचा, त्यांची कुत्री आठवतात? ती मेंढ्या वळायची नाहीत, राखायची. दिवसभर पडून असायची आणि अंधार पडला की वाड्याभोवती फिरायची. ब्रिटनमधले लांडगे कित्येक शतकांपूर्वीच संपले, राखणीचं काम उरलं नाही आणि वळणाऱ्या कुत्र्यांना मोल आलं. मेग दिवसभर राबते, पण रात्री निवांत झोपते. आपल्या मोत्याचं काम रात्रीच सुरू होतं आणि ते मेगच्या कामाहून कितीतरी जोखमीचं आहे. मेगची आम्ही एवढी निगा राखतो आणि मोत्याला मात्र भाकरतुकडा टाकला की झालं, हे मला फार टोचतं.

या आठवड्यात गवत कापलं. तीन-चार दिवस सलग कोरडे मिळाले तरच कापायचं, मग पसरून उलटंपालटं करायचं आणि पूर्ण वाळल्यावर गठ्ठे बांधायचे. ओलसर राहिलं तर गठ्ठा आतून तापतो, कधी पेटतोही. म्हणून रचल्यावरही मध्ये हात घालून ऊब बघावी लागते. द्राक्षं काढणीला आलेली असताना ढग आले की तुम्ही रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायचे, त्याची फार आठवण झाली. आई, दुपारी बांधावर बसून तू पाठवलेली खुरासणीची चटणी आणि भाकरी खाल्ली. शेजारच्या आजोबांनीही चटणी मागून घेतली.

संध्याकाळी कुत्र्यांची तपासणी असते. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत कुसळं शिरतात, वेळीच काढली नाहीत तर आत सरकत जाऊन पू होतो. कानामागे आणि जांघेत गोचीड बघायचे. जंताचं औषध ठरल्या वेळी द्यायचं आणि मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस कुत्र्याला अजिबात खाऊ द्यायचं नाही. कारण त्यातून कुत्र्याच्या पोटात एक जंत होतो, त्याची अंडी विष्ठेतून मेंढीच्या आणि माणसाच्याही पोटात जातात, मग यकृतात पाण्याच्या गाठी होतात. आपल्या डोंगराला कुसळी गवत इथल्यापेक्षा जास्त, म्हणून दादाला मोत्याचे पाय बघत जायला सांगा.

आता मोत्याचं. आप्पा, त्याला रात्री साखळीला बांधू नका. बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतं सापडतं, त्याला पळताही येत नाही. बागेचे जुने लोखंडी अँगल गोठ्यामागे पडून आहेत, त्यांचा जाळीचा पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. वरूनही जाळी हवीच, बिबट्या चढतो. पिंजरा पडवीला लागून, दिव्याखाली ठेवा. आतून भुंकला तरी तुम्हाला जाग येईल, राखण सुटणार नाही. दिवसा मोकळा असेल तेव्हा गळ्यात धनगरांच्या कुत्र्यांसारखा खिळ्यांचा पट्टा घाला. आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेबीजची लस दरवर्षी, न चुकता. ब्रिटनमधल्या कुत्र्यांतून हा रोग 1922 सालीच गेला. आपल्याकडे अजून माणसं दगावतात आणि वस्तीवर लहान मुलं मोत्याच्या अंगाखांद्यावर खेळतात.

दादालाही सांगा, रात्रपाळीची लाईट आली म्हणून एकट्याने मोटर चालू करायला जाऊ नको. कुणाला तरी बरोबर घे, बॅटरी घे आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून चाल.

पिंजऱ्याचं माप मी वेगळ्या कागदावर काढलंय: लांबी सहा फूट, रुंदी चार, उंची पाच. दाराची कडी बाहेरून आणि तळाला फळ्या, म्हणजे पावसात ओल लागणार नाही. वेल्डिंगचे पैसे मी पाठवते, नाही म्हणू नका. ऊस उंच व्हायच्या आत काम उरकून घ्या आणि दादाला फोटो पाठवायला सांगा.

वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची लेक