पार्सल आमचं, नंबर साऱ्या गावाला

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

दुपारी आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर पार्सलांचा ढीग असतो. प्रत्येकावर नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर आणि पैसे द्यायचे असतील तर रक्कम, सगळं ठसठशीत छापलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं, हवं तर फोटो काढावा. पुढे खोक्यासकट तेच लेबल भंगारात जातं. नंबर मार्करने खोडून मग खोकं टाकणारे माझ्यासारखे चक्रम थोडेच.

मध्यंतरी शेजारच्या काकूंकडे एक जण ‘तुमच्या मुलाने मागवलंय’ म्हणत पार्सल घेऊन आला. मुलाचं नाव, नंबर, पत्ता, सगळं बरोबर. काकूंनी सहाशे रुपये मोजले. आत चिंध्या निघाल्या. मुलगा ज्या कंपनीकडून नेहमी खरेदी करतो, तिच्या कस्टमर केअरने ‘अशी ऑर्डरच दिसत नाही’ म्हणून हात झटकले. माहिती कंपनीतून फुटली, कुरियरकडून की लेबलवरून, हे काकूंनी कसं शोधायचं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायची ती त्यानंतर १८ महिन्यांनी. म्हणजे मे २०२७. कंपन्यांना तयारीला वेळ हवा, हे मान्य. पण नंबर चोरणारे कुठे मुदत मागतात?

उशिरापेक्षाही मला खटकतं ते वेगळंच. माहितीची नीट सुरक्षा न राखणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण ती रक्कम जाते सरकारच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली छदामही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची सोय होती, तेही कलम याच कायद्याने वगळायचं ठरवलंय. उलट ग्राहकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं, तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! क्षुल्लक कशाला म्हणायचं? काकूंचे सहाशे रुपये त्यात बसतात का?

तेव्हा मागणी एवढीच, की नुकसान सोसणाऱ्या ग्राहकाला भरपाई मिळेल अशी दुरुस्ती कायद्यात करा. तिला वेळ लागेल, ठाऊक आहे. तोवर निदान लेबलचं बघा. टॅक्सीच्या अ‍ॅपमध्ये चालकाला आपला खरा नंबर न दाखवता फोन लावता येतो. मग पार्सलवर नंबर छापायची गरजच काय? क्यूआर कोड छापा, तो स्कॅन करून कुरियरवाल्याने अ‍ॅपमधूनच फोन लावावा. मोठ्या कंपन्यांना बोलावून हे करून घेणं आपल्याला अवघड नाही.

कळावे,
एक ग्राहक, डोंबिवली