घरातली खोली आणि शेतातले बांधकाम

ग्रामीण पर्यटनातून गावांना मिळणाऱ्या पूरक उत्पन्नाचे स्वागत करणारा अग्रलेख वाचला. त्यातील मुख्य मुद्दा मान्य आहे. मात्र राहत्या घरातील रिकामी खोली पाहुण्यांना देणे आणि लागवडीखालील जमिनीवर त्यांच्यासाठी नवी बांधकामे उभारणे, यांतील फरक त्यात निसटला आहे. पहिल्या प्रकारात जमिनीचा वापर बदलत नाही. दुसऱ्यात मात्र जमिनीचा भाव पिकाऐवजी तिथून दिसणाऱ्या देखाव्यावर ठरू लागतो, शेजारच्या शेतकऱ्याला ती खंडाने वा विकत घेणे परवडेनासे होते आणि काँक्रीटखाली गेलेली माती पुन्हा लागवडीस येणे जवळपास अशक्य असते. इटलीने १९८५ मध्येच कृषी पर्यटनासाठी स्वतंत्र कायदा केला. २००६ च्या कायद्यानुसार तेथे शेती हाच प्रमुख व्यवसाय राहावा लागतो आणि पर्यटनासाठी शेतावरील आधीपासूनच्या इमारती वापरता येतात. शाश्वत पर्यटनाच्या घोषणांपेक्षा (त्यांचा तुटवडा कुठेच नाही) अशी एखादी अट अधिक उपयोगाची ठरते. होमस्टेची नोंदणी करताना इमारत केव्हा बांधली आणि लगतची जमीन आज कोण कसतो, एवढे तरी तपासले जावे.