व्लकोलिनेत्सची कुरणेही वारशात मोजावीत: स्लोव्हाकियाच्या संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संस्कृती मंत्री,
स्लोव्हाक प्रजासत्ताक, ब्रातिस्लाव्हा

सविनय नमस्कार.

नित्रा शहरातील मोटार कारखान्यातल्या नोकरीमुळे आमचे कुटुंब पुण्याहून आपल्या देशात आले आणि इथेच रमले. या पत्राचा स्लोव्हाक अनुवाद आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. मूळ पत्र मराठीत खुले ठेवले आहे, कारण सुटीत लिप्टोव भागात फिरायला जाणाऱ्या माझ्या मराठी परिचितांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे. विषय व्लकोलिनेत्स या गावाचा आहे.

रुझोंबेरोक शहर मागे टाकून रस्ता वेल्का फात्रा डोंगररांगेत चढतो आणि १०९९ मीटर उंचीच्या सिदोरोवो डोंगराच्या कुशीत, ७१८ मीटरांवर, हे गाव लागते. गाव म्हणजे उतारावरची वाट, तिच्या सोबतीने वाहणारा पाण्याचा पाट आणि दुतर्फा पंचेचाळीसेक घरे. दगडी जोत्यावर ओंडक्यांच्या भिंती, त्यांवर मातीचा गिलावा, चुन्याचा किंवा फिकट निळा-गुलाबी हात आणि छपराला लाकडी फळ्या. घराचे तोंड अरुंद असले तरी मागे परस लांबवर जातो आणि त्यात गोठे, कोठारे येतात. १७७० सालची लाकडी घंटाघराची इमारत, १८६० सालची ओंडक्यांची विहीर आणि १८७५ सालचे चर्च पाहून बहुतेक पर्यटक माघारी फिरतात. पहिल्या खेपेस मीही तेच केले.

दुसऱ्या खेपेस मात्र गावाच्या वर चढून गेले आणि मग गाव कळले. समोरचा उतार अरुंद, लांबलचक पट्ट्यांत विभागलेला होता आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताळ बांध होते. माझे आजोळ वाईजवळचे. भाऊवाटणीत शेताच्या चिंध्या कशा होतात आणि बांधावरच्या एका हातभर जागेसाठी घरे कशी अबोल होतात, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्यामुळे तो उतार मला ओळखीचा वाटला. जुन्या हंगेरी राज्याच्या या उत्तर भागात वडिलांची जमीन मुलांमध्ये वाटली जाई आणि पिढ्यान्‌पिढ्या पट्टे निमुळते होत जात. पुढे १९४८ नंतरच्या सामुदायिक शेतीच्या काळात सपाटीवरच्या असंख्य शिवारांतले बांध नांगराखाली गेले. म्हणूनच जिथे ते अजून दिसतात तिथे त्यांचे मोल मोठे आहे.

या गावाचा लेखी उल्लेख १३७६ पासून सापडतो आणि त्याच्या नावात लांडग्याचा स्लोव्हाक शब्द आहे. रानाच्या इतक्या जवळ, इतक्या उंचीवर शेती करणे काय असेल, ते त्या नावावरूनच उमगते. १९४४ च्या स्लोव्हाक राष्ट्रीय उठावाच्या काळात जर्मन सैन्याने गावाचा काही भाग जाळला. तेही सोसून गाव टिकले. १९७७ साली त्याला लोकवास्तूंचे संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली आणि १९९३ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते दाखल झाले. या सर्व गौरवानंतर आज तिथे कायम राहणारी माणसे पंचविसाच्याही आत आहेत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

जून महिन्यात एक आजी तिथे कोयत्याने नव्हे, तर लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापताना दिसल्या. दहा-बारा हात चालवले की त्या थांबत, कमरेच्या डबीतून ओला धारदगड काढत आणि पात्याच्या दोन्ही अंगांनी फिरवत. तेवढ्यात खाली त्यांच्याच घराच्या खिडकीला नाक लावून एक पर्यटक आत डोकावत होता. आजींनी पाहिले, काही बोलल्या नाहीत आणि पुन्हा विळा चालवू लागल्या.

माझी विनंती अशी आहे. शेतीचे अनुदान क्षेत्रफळावर मोजले जाते. अशा चिंचोळ्या पट्ट्यांवर ते फारसे हाती लागत नाही आणि उतारामुळे यंत्रही चालत नाही. छपराच्या फळ्या बदलणे हे जसे वारसा जतनाचे काम मानले जाते, तसेच ही कुरणे कापणे आणि बांध राखणे हेही आपल्या मंत्रालयाने वारसा जतनाचेच काम मानावे आणि त्याची मजुरी तिथे राहून ते करणाऱ्याला द्यावी. गवत दोन-चार वर्षे कापले नाही की झुडपे येतात, मग रान येते आणि पट्टे दिसेनासे होतात. हे गाव रुझोंबेरोक शहराचाच भाग असल्याने त्याला स्वतःचा महापौर नाही. तेव्हा पर्यटकांची वेळ आणि संख्या ठरवताना तिथल्या रहिवाशांचे म्हणणे थेट ऐकण्याची सोय आपणच करावी. त्यांच्या अंगणात कोणी कुठवर जावे, हे त्यांनीच ठरवले पाहिजे.

पुढच्या गवतकापणीच्या दिवसांत आपण स्वतः तिथे यावे. गाडी खाली ठेवून, घंटाघरापाशी न थांबता, थेट वरच्या पट्ट्यांवर जावे आणि विळा हातात असलेल्या माणसांशी बोलावे, एवढीच कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
नित्रा येथे राहणारी एक मराठी रहिवासी