‘ड’ जीवनसत्त्वाची पाकिटे आणि हाडे

प्रति,
संपादक महोदय,

साठी जवळ आली की हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व घेत राहावे, असा समज आता घरोघरी रुजला आहे. नाशिकमध्ये माझे औषधांचे दुकान असल्याने मला तो रोज पाहायला मिळतो. डॉक्टरांनी कधीकाळी ६०,००० युनिटांचे पाकीट आठवड्याला एक, असे आठ आठवडे लिहून दिलेले असते. ते आठवडे केव्हाच उलटून गेलेले असतात, तरी गिऱ्हाईक चिठ्ठीऐवजी रिकामे पाकीट पुढे करते आणि ‘हेच द्या’ म्हणते. चिठ्ठी मागितली, तर ‘व्हिटॅमिनच तर आहे’ हे उत्तर ठरलेले.

म्हणूनच बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील डॉ. मेरिल लेबॉफ यांच्या संशोधनाची आपल्याकडे अधिक चर्चा व्हायला हवी होती, असे मला वाटते. पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि पंचावन्न ओलांडलेल्या स्त्रिया अशा एकूण २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड३’ आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देऊन सुमारे पाच वर्षे त्यांच्या अस्थिभंगांची नोंद ठेवली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जीवनसत्त्व घेणाऱ्या १२,९२७ जणांपैकी ७६९ जणांची हाडे मोडली आणि न घेणाऱ्या १२,९४४ जणांपैकी ७८२ जणांची. हा फरक नगण्यच म्हणायचा. ‘जास्त घेतले तर काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातील २०१० सालचा अभ्यास बोलका आहे: सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांचा डोस दिला, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले.

यावरून ‘ड’ जीवनसत्त्व निरुपयोगी ठरवणे मात्र चूक होईल. लेबॉफ यांच्या अभ्यासातली माणसे कमतरता आहे म्हणून निवडलेली नव्हती, शिवाय ती अमेरिकेतली. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्या किंवा घराबाहेर न पडणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. खरी कमतरता असली की काय होते, हे खुद्द नाशिकनेच दाखवून दिले आहे. हचिसन आणि शहा यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या येथील पाहणीत मुडदूस, म्हणजे ‘ड’च्या कमतरतेने मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याचा रोग, आढळला तो खाऊनपिऊन सुखी, पण गोषा पाळणाऱ्या घरांत. शेतात राबणाऱ्या बायांची मुले निकृष्ट आहारावर वाढत असूनही उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळाल्यामुळे त्यातून बचावली होती. औषध कोणाला हवे, याचे उत्तर त्या पाहणीत बरेचसे येऊन गेले आहे.

असे असताना धडधाकट माणसांनाही ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये रक्तातल्या ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी सरसकट केली जाते. निरोगी प्रौढांनी ती नेमाने करू नये, असे अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने (संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवले आहे. अहवालात आकडा जरा कमी दिसला, की घरातली सगळीच मंडळी पाकिटे सुरू करतात. नाचणी, दूध, तीळ यांतून पोटात जाणाऱ्या कॅल्शियमची आणि रोजच्या चालण्याची चौकशी कोणी करत नाही. बेसुमार मात्रेने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हेही पाकीट मागणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

उलट, तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावेत, ही बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. पण माझ्या दुकानात पहिली बाटली घेऊन गेलेले आईवडील दुसरीसाठी अभावानेच परत येतात. आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत या थेंबांविषयी, ते कसे मोजावेत आणि किती दिवस द्यावेत याविषयी एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, नाशिक