काकू, तुमच्या लाल ठिपक्यांसाठी

प्रिय काकू,
सा. न.

हे पत्र एक मजला चढून तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही "पुरे गं" म्हणत ते न वाचताच घडी घालून उशीखाली ठेवलं असतं. शिवाय आपल्या वडोदऱ्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२०२१ साली मी पाच महिन्यांत १२ किलो उतरवले होते. एका केंद्रात पैसे भरले, त्यांचा तक्ता तंतोतंत पाळला, रात्री नुसतं सूप. व्यायामाची गरज नाही असं तिथे मला ठामपणे सांगितलं होतं. पुढच्या सव्वा वर्षात त्यातले ११ किलो परत आले. जिन्यात तुम्ही भेटलात तेव्हा मी सगळा दोष स्वतःच्या जिभेला देत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ताटानं वजन उतरतं, पण उतरलेलं राखायला पाय लागतात. उद्या सहाला खाली ये."

त्या एका वाक्यात किती होतं ते मला नंतर कळत गेलं. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. नुसतं कमी खाऊन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वर भूक वाढते. मग पूर्वीपेक्षा कमी जेवूनही काटा वर सरकतो. एवढी वर्षं मी त्याला माझा कमकुवतपणा समजत होते, काकू. त्यासाठी किती रडलेय, ते तुम्हालाच ठाऊक आहे.

खोटी आशाही तुम्ही लावली नाहीत. तासभर झपझप चालून जेमतेम अडीच-तीनशे कॅलरी जळतात, त्या फाफडा-जलेबीच्या एका बशीत परत येतात, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. म्हणजे ताटाकडे लक्ष हवंच. अमेरिकेत १९९४पासून, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवतात. त्यांतल्या बहुतेकांचा व्यायाम रोज सरासरी तासाभराचा, आणि त्यात चालणं सगळ्यांत जास्त. हे मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही नुसतं "मग?" म्हणालात आणि बुटाची नाडी बांधायला लागलात.

कमाटीबागेतल्या त्या सकाळी मला जन्मभर पुरतील. थंडीत विश्वामित्री नदीवर धुकं असायचं, फुलांच्या घड्याळापाशी आपली पहिली फेरी पूर्ण व्हायची. सयाजीरावांनी १८७९ साली ही बाग केली ती आपल्यासारख्यांनी चालावं म्हणूनच, असं तुम्ही दर दोन दिवसांनी म्हणायचात. तुमचे वडील दांडिया बाजारात जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात जायचे, तिथली शिस्त तुमच्यात उतरलीय. चालून आल्यावर खुर्चीच्या बैठका चुकायच्या नाहीत. हात न टेकता बसायचं, हात न टेकता उठायचं, दहाच्या तीन खेपा. मग पाण्याच्या लिटरभराच्या दोन बाटल्या खांद्यावर उचलायच्या. स्नायू टिकले तर वजन टिकेल, हे त्यामागचं कारण. पहिल्या दिवशी मला चौथ्या बैठकीला उठता आलं नव्हतं.

आणि ते कालनिर्णय! तुमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाशेजारी, मी आले त्या तारखेवर लाल पेन्सिलीचा बारीक ठिपका. तुम्ही मला वजन एकदाही विचारलं नाहीत. "या महिन्यात बावीस झाले," एवढंच. ज्या महिन्यात नऊच होते, त्या महिन्यातही त्याच आवाजात. माझ्या मते मी टिकले ती त्या आवाजामुळे.

२०२४च्या ऑगस्टअखेर पूर आला. बाग पाण्यात, आपलं पार्किंग पाण्यात, वीज नाही. नऊ किलो उतरले होते, आणि मी घाबरले होते, कारण मागच्या वेळी सगळं असंच एखाद्या खंडानंतर सुटलं होतं. सकाळी सहाला दारावर टकटक. "जिना कोरडा आहे," म्हणालात. अंधारात टॉर्च धरून आपण चार मजले वर-खाली करत होतो, तुम्ही कठड्याला धरून, एकेक पायरी. तेव्हाच तुमचा गुडघा दुखत होता, आणि मला ते कळलं नाही. त्याबद्दल मला माफ करा.

ते नऊ किलो अजून परत आलेले नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली साखरही खाली आलीय. आईला मधुमेहाने किती छळलं ते तुम्ही पाहिलंय, त्यामुळे हे माझ्यासाठी काय आहे ते वेगळं सांगत नाही.

काकू, मनापासून आभार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला दिवसातून तीनदा पॅसेजमध्ये चालायला सांगितलंय आणि तुम्ही दोनदाच चालता, असं सूनबाईंकडून कळलं. उद्या सहाला वर येते. लाल पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची