तेल तुम्ही पाजलंत, वॉरंटी माझी गेली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मोफत सर्व्हिसिंगमध्ये सायकलची चामडी सीट निकामी केल्याबद्दल व वॉरंटी नाकारल्याबद्दल

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी चामडी सीटची सायकल घेतली. सप्टेंबरअखेर ती मोफत सर्व्हिसिंगसाठी तुमच्याच टेम्पोतून तुर्भ्याच्या सेंटरला गेली आणि परत आली ती सीटला झोळ घेऊनच. तक्रार केल्यावर तुमचं उत्तर आलं : "ग्राहकाने तेलाचा अतिवापर केल्याचे दिसते. चामडे नैसर्गिक असल्याने हवामानाच्या परिणामास कंपनी जबाबदार नाही." हे उत्तर मला मान्य नाही. का ते जरा सविस्तरच लिहिते, कारण फोनवर माझ्याशी बोललेल्यांपैकी एकानेही अशी सीट कधी उलटी करून पाहिली असेल असं मला वाटलं नाही.

या सीटमध्ये फोम नसतो, जेल नसतं, खाली प्लास्टिकचं कवचही नसतं. चार-पाच मिलिमीटर जाडीचं चामडं पुढच्या नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत बाजेच्या सुंभासारखं ताणलेलं असतं आणि दोन्हीकडे रिव्हेटने पक्कं केलेलं असतं. बसणाऱ्याचं सगळं वजन त्या ताणावर. सुरुवातीला ते कडक लागतं, मग हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे आकार घेतं. म्हणून तर लोक जास्त पैसे मोजून ही सीट घेतात. मीही सायकल घेतली ती सीटसाठीच. चामड्यात तेल मुरवत गेलं की त्याचे तंतू सैल पडतात, ताण जातो आणि मधला भाग खाली बसतो. एकदा तसा बसला की चामडं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

मी कोलशेतहून वागळे इस्टेटला सायकलने कामाला जाते. ठाण्याचा पाऊस आणि कापूरबावडीचा चिखल सीटला काय करू शकतो हे मला पुरतं ठाऊक आहे. पाऊस वरून येतो त्याहून वाईट म्हणजे मागचं चाक खालून उडवतं ते पाणी, कारण चामड्याची खालची बाजू उघडी असते, तिच्यावर वरच्यासारखं फिनिश नसतं. म्हणून मागे लांब मडगार्ड बसवलं. ऑफिसखाली सायकल लावली की सीटवर हॉटेलात मिळते ती प्लास्टिकची शॉवर कॅप चढवायची आणि घरी आलं की आधी ती काढायची, नाहीतर आत दमट राहून बुरशी धरते. भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपून पंख्याखाली ठेवायची. ओल्या सीटवर बसायचं नाही, कारण ओलं चामडं वजनाखाली लगेच ताणतं. जुलैमध्ये कडेला पांढरी बुरशी आली होती. बाल्कनीत नेऊन पुसली, एका दिवसात विषय संपला. मेणाचं घट्ट मलम पावसाळ्याआधी एकदा, बोटाच्या टोकावर येईल एवढंच, चोळून लावलं होतं. ते लावल्यावरही कधीकधी पांढरट थर दिसतो, पण त्याला कुबट वास नसतो आणि हाताच्या उबेने तो विरघळतो. हा फरक तुमच्या माणसांना माहीत असता तर फोटोतले पांढरे ठिपके पाहून "हवामानाचा परिणाम" असं ठोकून दिलं नसतं.

सर्व्हिसिंगला दिली त्या सकाळचे सीटचे फोटो माझ्याकडे आहेत. सरळ, ताठ, रंग एकसारखा.

आता परत आलेल्या सीटबद्दल. सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरवली तेव्हाच नाकाखाली फरशीवर तेलाचा थेंब पडला. बोटाला लावून पाहिला, तर ज्याचा वास चेनला येतो तेच मशीनचं तेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचले तर फिकट सलवारीवर मागे हातभर तपकिरी डाग. तो अजून गेलेला नाही, पण त्याचे पैसे मी मागत नाही. मनस्ताप मात्र मोजून घ्या. घरी सीट उलटी केली तेव्हा खालची बाजू काळपट, चिकट, स्पंजासारखी मऊ. नाकातला ताणाचा नट जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत फिरवलेला, त्याच्या कडा पान्याने खाल्लेल्या. मागच्या दोन रिव्हेटभोवती गोल असलेली भोकं लांबट झालीत आणि एका ठिकाणी चिरेची सुरुवात आहे. जांभळी नाक्याजवळच्या सायकलवाल्या काकांना दाखवली. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ही तेल पिऊन मेलीय. आता आवळाल तेवढी फाटेल."

झालं असं असणार : आधी तेल ओतलं, मग सीट खाली बसली असं पाहून नट आवळला. तो नट अशा कामासाठी नाही. वापरून वापरून चामडं थोडं सैल झालं तर, तेही कधीतरी, पाव आटा फिरवायचा असतो. नवीन सीटला त्याला हातही लावायची गरज नसते.

हा माझा तर्क आहे असं तुम्ही म्हणाल, म्हणून तुमचंच जॉब कार्ड सोबत जोडते. त्यावर सेंटरचा शिक्का आहे आणि दोन ओळींसमोर बरोबरची खूण आहे : "सीट ऑइलिंग", "सीट टाइट". म्हणजे तेल कुणी घातलं हे तुमच्याच कागदावर आहे, आणि तुमचाच दुसरा विभाग ते माझ्या नावावर टाकतोय. दोन्ही टेबलं एकमेकांशी बोलत नसतील तर तो तुमचा प्रश्न आहे.

तुर्भ्याच्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने तेच केलं जे सायकलसोबत आलेल्या माहितीपत्रकात छापलंय : "दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी भरपूर तेल लावावे. भिजल्यास उन्हात वाळवावे. दर महिन्यास नट घट्ट करावा." तिन्ही सूचना सीट मारणाऱ्या. कडक उन्हात ओलं चामडं आकसतं आणि कडक होऊन तडकतं. इंग्लंडची ब्रुक्स कंपनी १८६६ पासूनची, चामडी सीटसाठी जगभर ओळखली जाणारी. तीसुद्धा अशा सीटसाठी चरबी आणि मेणाचं घट्ट मलम विकते, मशीनचं तेल नाही. तुमचं पत्रक कुणी लिहिलं हे विचारायला मला खरंच आवडेल. बहुधा चेनच्या पानावरून उचललं असावं.

माझ्या मागण्या अशा. त्याच दर्जाची नवी चामडी सीट द्यावी. रेग्झिनची "तशीच दिसणारी" सीट चालणार नाही, जी तुमच्या प्रतिनिधीने फोनवर देऊ केली होती. ती देता येत नसेल तर सीटची पूर्ण किंमत परत करावी. वॉरंटी नाकारणारा मेल लेखी मागे घ्यावा. आणि माहितीपत्रकातल्या त्या तीन सूचना काढाव्यात, कारण कल्याण, वाशी, पनवेल अशा दमट हवेच्या गावांत ही सायकल आणखी कितीजणांनी घेतली असेल, तेही बिचारे इमानेइतबारे तेल ओतत बसले असतील.

ही ऑनलाइन खरेदी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या पहिल्या मेलला पोचसुद्धा आलेली नाही, थेट नकारच आला. या पत्रावरही तसंच झालं तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. माझ्या घरापासून ते काम सायकलवरूनही होण्यासारखं आहे, अर्थात सीट मिळाली तर.

बिल, जॉब कार्ड, आधीचे-नंतरचे फोटो आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत आहे. जुनी सीट तपासणीसाठी हवी असल्यास माणूस पाठवा, माझ्यासमोर पाहू द्या. बदली सीट हातात येईपर्यंत मी ती कुठल्याही टेम्पोत चढवणार नाही.

आपली,
सायकलची मालक
(बिल आणि जॉब कार्ड दोन्ही माझ्याच नावावर आहेत)
कोलशेत रोड, ठाणे पश्चिम