मागच्या वर्षीचा आकडाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्क्टिकमधील समुद्रपक्षी धोक्यात आल्याची छोटी बातमी आपण आतल्या पानावर, टॉवेलच्या सेलच्या जाहिरातीखाली छापली होती. छापलीत, त्याबद्दल आभार. ती मी शेजाऱ्यांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "सर, इथे पारा त्रेचाळीसवर गेलाय आणि तुम्हाला बर्फातल्या पाखरांची काळजी!" कूलरसमोर बसून बोलत होतो, त्यामुळे उत्तर लगेच सुचले नाही. ते आता लिहितो.

हे पक्षी कमी झाले, हे कळते कसे? बातमीत तेवढेच नव्हते. अलास्काच्या उत्तर टोकाला कूपर नावाचे एक सपाट, वाळू-गोट्यांचे बेट आहे. नौदलाने तिथे टाकून दिलेल्या लाकडी खोक्यांखाली ब्लॅक गिलेमॉट हे काळे पक्षी घरटी करताना जॉर्ज डिव्होकी या संशोधकाला 1972 मध्ये दिसले. जोड्या जेमतेम दहा. त्याने आणखी खोकी उलटी करून ठेवली आणि 1975 पासून दर उन्हाळ्यात तिथे मुक्काम करून अंडी, पिले, जोड्या मोजायला सुरुवात केली. हवामानबदल तेव्हा त्याच्या डोक्यातही नव्हता. किनाऱ्यालगत तेल शोधायचे होते, त्याआधीच्या पाहणीचे ते काम होते.

पुढचे नीट पाहण्यासारखे आहे. या पक्ष्याला अंडी घालण्यापासून पिले उडेपर्यंत सुमारे ऐंशी दिवस बर्फ नसलेली जमीन लागते. तापमान वाढले, बर्फ लवकर वितळू लागला आणि पक्ष्यांचे फावले! 1980 च्या दशकाअखेर जोड्या दोनशेच्या वर गेल्या. डिव्होकीने तेव्हा वही मिटली असती तर निष्कर्ष निघाला असता की ऊब वाढली, पक्ष्यांचे भले झाले. त्याने मिटली नाही. नंतर समुद्रावरचा बर्फही किनाऱ्यापासून दूर सरकत गेला. त्या बर्फाच्या आसऱ्याने राहणारा आर्क्टिक कॉड हा मासा पिलांचे मुख्य अन्न. तो मिळेना, तेव्हा आईबाप काटेरी डोक्याचे, निकस मासे आणू लागले आणि पिले उपाशी मरू लागली. बर्फावर वावरणारी पांढरी अस्वलेही 2002 पासून बेटावर येऊन घरटी फोडू लागली. मग लाकडी खोकी काढून जाड प्लास्टिकच्या पेट्या ठेवाव्या लागल्या. एवढे करूनही वसाहत ओसरत गेली. जे आधी मानवले तेच पुढे मुळावर आले, आणि हे कळायला एकाच जागी अनेक दशकांची मोजणी लागली.

अलास्कातलेच दुसरे उदाहरण. 2014 ते 2016 या काळात समुद्र विलक्षण तापला आणि कॉमन मर या पक्ष्यांची सुमारे 62 हजार कलेवरे किनाऱ्याला लागली. नुसती कलेवरे मोजली असती तर तोच आकडा धरला गेला असता. पण त्यांच्या विणीच्या कड्यांवरील जुन्या-नव्या मोजण्या ताडून पाहिल्यावर 2024 मध्ये अंदाज आला तो चाळीस लाखांचा. म्हणजे अलास्कातले निम्मे मर गेले.

आता सोलापूर. हिप्परग्याच्या तलावावर थंडीत छोटा टिलवा हा पाणपक्षी येतो. मूठभर जीव, वजन वीस-तीस ग्रॅम. तो वीण करतो आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात. तो समुद्रपक्षी नाही, हे मान्य. पण शेजाऱ्यांना सांगायला एवढे नाते पुरेसे आहे.

माझी तक्रार त्या पुढची आहे. दर हिवाळ्यात आपल्याकडे "उजनीवर फ्लेमिंगोंचे आगमन", "हिप्परग्यावर परदेशी पाहुणे" अशा बातम्या येतात. फोटो देखणे असतात. पण मागच्या वर्षी किती होते? दहा वर्षांपूर्वी किती? तिथे "हजारो" हा एकच शब्द, आणि तोही दरवर्षी तोच. एका कार्यालयात मी जुन्या नोंदी मागायला गेलो, तर "ते साहेब बदलून गेले, रजिस्टर सापडत नाही" असे उत्तर मिळाले. नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले आणि आज तो पक्षी तिथे दिसला तर त्याची बातमी होते. त्याची निदान मोजणी तरी होत होती, म्हणून गेलेला कळला. टिलव्याचे काय? तो यायचा थांबला तर आपल्याला कोणत्या साली कळेल?

आपल्याला एवढेच सुचवतो की पक्ष्यांच्या आगमनाची बातमी आली की कोणी, कुठे उभे राहून, किती मोजले हे विचारा आणि शेजारी मागच्या वर्षीचा आकडा छापा. नसेल तर "नोंद नाही" असे छापा. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना दरवर्षी जानेवारीतल्या एकाच रविवारी, एकाच बांधावर उभे करणे फार खर्चाचे नाही. एक दुर्बीण आणि दोनशे पानी वही पुरते.

माझ्याकडे हिप्परग्याची अकरा हिवाळ्यांची वही आहे. त्यातले दोन हिवाळे गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे कोरे आहेत. कोणाला हवी असल्यास झेरॉक्स काढून आपल्या कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जुळे सोलापूर